कालच्याएवढंच

बसू,

तुझ्यावर चार ओळी लिहून द्या म्हणून अप्पा माझ्याकडं आले, तेव्हा मी आठवीच्या शास्त्राच्या वह्या तपासत बसलो होतो. पोटचा मुलगा मातीआड होऊन आठ दिवस झालेले आणि बाप माझ्या दारात चपला काढून उभा. आमच्या वस्तीत पाय ठेवायची त्यांची ही पहिलीच वेळ. "मास्तर, साप्ताहिकवाले मागायलेत. तुमच्यापक्षा त्याला कोण वळखायचं? तुमीच लिवा," म्हणाले. मी पाणी दिलं, ते प्यायले. मी हो म्हटलं.

तू असतास तर म्हणाला असतास, "लिव मास्तर, पर शाळंतल्यावानी लिवू नको." नाही लिहीत. तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, परभणीच्या बाजारात तुमचं लोखंडाचं दुकान किती पिढ्यांचं, हे ज्याला हवं त्यानं दुकानाच्या पायरीवर बसून विचारावं, सांगणारे दहाजण भेटतील. मला तुझ्याशी एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय. गाडीच्या तेलाच्या वहीबद्दल. त्या वहीतली शेवटची ओळ माझ्या हातची आहे आणि ती खोटी आहे. तुझ्या घरात हे कुणालाच ठाऊक नाही. मी आपला जेवतो, शाळेत जातो, पोरांवर खेकसतो आणि हे पोटात घेऊन फिरतो.

गाडी आणायला हैदराबादला आपण दोघंच गेलो होतो. एका जहागीरदाराच्या हवेलीमागं चिंचेखाली ती उभी होती. लाल, विलायती, वर टप नाही आणि जागा दोनच माणसांची. सीटवर चिमण्यांनी घाण करून ठेवलेली. बाजारात बैल बघावा तसा तू तिच्याभोवती फिरलास, पुढच्या चाकाला हात लावलास आणि म्हणालास, "मास्तर, ही आपली." मी विचारलं, "हिच्यात दुकानाचे खिळे आणणार का पहारी?" तू ऐकलंच नाहीस. जहागीरदाराचा म्हातारा ड्रायव्हर तेवढा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "साब, पेट्रोल की फिकर नक्को करो. ये इंजन का तेल पीती. रोज देखना."

तू हसलास. नांदेड येईपर्यंत हसू मावळलं. मागं निळ्या धुराचा पट्टा सोडत आपण नांदेडात शिरलो आणि तू बॉनेट उघडून तेलाची काडी बाहेर ओढलीस, तर तिच्या टोकाला नुसती ओल होती. समोर तेलाच्या दाबाचं एक घड्याळ होतं, पण त्याचा काटा मधोमध अडकलेला. इंजिन बंद असलं तरी तो मधोमधच. म्हणजे इंजिनाच्या पोटात तेल आहे की नाही हे सांगणारी एकच वस्तू उरली, ती हातभर लांबीची काडी. गावात पोचल्यावर पोरांनी गाडीचं नाव ठेवलं बसूअप्पाची बेडकी, आणि तू त्याचाही अभिमान बाळगलास.

पद्धत मी लावली. शास्त्राचा मास्तर मी, मला अंदाजपंचे काही चालत नाही. दुकानामागच्या अंगणातली शहाबादी फरशी मी तुमच्याच दुकानातली गवंड्याची पाणसळ ठेवून तपासली, सपाट जागा शोधली आणि चारी चाकांच्या जागी गेरूनं खुणा केल्या. गाडी रोज त्याच खुणांवर लावायची. तेल बघायचं ते सकाळी, इंजिन थंड असताना. काडी काढायची, पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची, मग वाचायची. काडीवर मी कानशीनं टोकापासून वर पाच खाचा पाडल्या. पुसायला अप्पांच्या जुन्या धोतराचा तुकडा. वहीत रकाने आखले: तारीख, मैल, खाच, किती तेल घातलं. शेवटचा रकाना तू स्वतः आखलास. त्यावर माझ्याच अक्षराची नक्कल करून 'तपासले' लिहिलंस आणि रोज त्याखाली सही ठोकायला लागलास. "तू पोरांच्या वह्यावर करतूस, मी तुज्या वहीवर करतो."

सकाळी तू लिंगपूजा उरकून कपाळाला भस्म लावून अंगणात यायचास, मी शाळेच्या आधी सायकल टेकवायचो. अडीच वर्षं. सणवार असो की तुझ्याकडं लग्नकार्य असो, खाडा नाही. शाळेत मी पोरांना सांगायचो, प्रयोग न करता आकडा लिहिणं ही चोरी आहे. एकाच्या वहीत तसा आकडा सापडला तेव्हा मी त्याला बाकावर उभं केलं होतं. हे मी तुला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, आठवतं?

आता कपाचं सांगतो, कारण तो विषय आपण कधी बोललोच नाही. आपण दोघं एका शाळेत शिकलो, पण तुमच्या घरात मी आलो तो गाडीमुळं. त्याआधी ओट्यापर्यंतच. पहिल्या दिवशी तुझ्या आईनं, काकूंनी, चहा पाठवला तो निळ्या काठाच्या, कान तुटलेल्या कपात. दुसऱ्या दिवशीही तोच. तिसऱ्या दिवशी मी बघितलं, तो कप न्हाणीजवळच्या कोनाड्यात एकटाच पालथा घातलेला होता. आमच्या पिढीनं धम्म घेतला, शिक्षण घेतलं, नोकरी घेतली, तरी अशा वेळी काय म्हणायचं ते मला सुचत नाही. मी नुसता चहा प्यायलो. चौथ्या दिवशी तेल घालायची वेळ आली. तू आत गेलास, कोनाड्यातला तो कप आणलास, त्यात डब्यातलं काळपट तेल ओतलंस आणि इंजिनात रिकामा केलास. काकू दारातून ओरडल्या, "आरं, त्यो मास्तरचा कप हाय!" तू मान वर न करता म्हणालास, "आता गाडीचा झाला. मास्तरला आपल्यातला दे."

तेव्हापासून माझा चहा घरातल्या कपात आला, आणि वहीत तेलाचं माप कपात पडायला लागलं. दोन कप, तीन कप. तुला मी धन्यवाद दिले नाहीत. मला वाटलं, दिले तर तू ती गोष्ट मुद्दाम केलीस असं दोघांना कबूल करावं लागेल. आता वाटतं, द्यायला हवे होते. एवढं सोपं होतं.

भांडणं काय कमी केली आपण? आणि सगळी त्या धुरापायी. मी म्हणायचो, पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, तेल त्यांच्या बाजूनं वर चढतंय आणि जळतंय, इंजिन खोलल्याशिवाय गत्यंतर नाही. तू म्हणायचास, रिंगा ठणठणीत आहेत, व्हॉल्व्हच्या गाईडमधून थोडं गळतंय, म्हणून सकाळी चालू करताना तेवढा धूर. खोललं की गाडी सहा महिने मिस्त्रीकडं पडून राहील ही तुझी भीती. मी वही पुढं करायचो. आली तेव्हा शंभर मैलांना दोन कप, गेल्या दिवाळीला चार, यंदा सात. "आकडा खोटं बोलत नाही, बसू." तू म्हणायचास, "आकडा न्हाई बोलत, मास्तर. पर आकड्याला गाडी चालवता येती का?"

एखाद्या दिवशी जास्त ताणलं की आपण दोघं न बोलता उठायचो. त्यावर आपली एक रीत पडून गेली होती. कुणी पाडली सांगता येणार नाही. दुसऱ्या सकाळी जो आधी येईल त्यानं कालच्या खाचेपर्यंत गुपचूप तेल घालून ठेवायचं, मैलांचा आणि कपांचा रकाना कोरा सोडायचा आणि खाचेच्या रकान्यात नुसतं लिहायचं: कालच्याएवढंच. दुसऱ्यानं ते वाचायचं, सही करायची, आणि भांडण संपलं. सात-आठ वेळा तरी वहीत तसं आहे. निम्म्या ओळी तुझ्या हातच्या, निम्म्या माझ्या. माफी मागायला तोंड उघडावं लागत नव्हतं, म्हणून आपल्याला ती रीत फार आवडायची.

शेवटचं भांडण सोमवारी सकाळी झालं. काडी तिसऱ्या खाचेवर होती. तेल घालायला कप हातात घेतला आणि मी पुन्हा रिंगांचं काढलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, गडी होते, अप्पा गादीवर बसले होते. तू वैतागून म्हणालास, "आरं, तुला गाडी चालवता तरी येती का? सायकलवाला माणूस तू, बस झालं तुजं." सगळे हसले. तूही हसलास. मला झोंबलं. अडीच वर्षांत तू दहा वेळा शिकवतो म्हणालास आणि मी दहा वेळा टाळलं, कारण आपल्याला जमलं नाही तर हसं होईल याची मला धास्ती होती. हे तुला ठाऊक होतं आणि तू नेमकं तिथंच बोट ठेवलंस. मी कप फरशीवर ठेवला आणि निघालो. तेल घालायचं राहून गेलं.

मंगळवारी मी आलो. यायचं नाही असं ठरवून आलो, सवयीनं. अंगणात कुणी नव्हतं, आत तुझ्या पूजेची घंटी वाजत होती. वही बॉनेटवर उघडी ठेवली. बॉनेट उचलायला वाकायचं जिवावर आलं. खरं सांगतो, वाकायचं नव्हतंच मला. भांडण मिटायला हवं होतं, पण माझ्या वाकण्यानं नको होतं. मी पेन काढलं आणि लिहिलं: कालच्याएवढंच. काडीला हात लावला नाही. डब्याला हात लावला नाही. गाडीच्या आत डोकावून मैलांचा आकडासुद्धा बघितला नाही. त्या ओळीचा तुझ्यालेखी अर्थ काय, हे मला लिहिताना ठाऊक होतं. म्हणूनच लिहिली.

तू आलास. कपाळावर भस्म ओलं होतं, हातात किल्ली.

"किती हाय?"

"कालच्याएवढंच."

तू वहीकडं बघितलंस, मग माझ्याकडं. आणि हसलास, डोळ्यांनी. सही केलीस. "जालन्याला जाऊन येतो. तेल आता मंठ्याला बघीन. येतूस का?" मी म्हणालो, शाळा आहे. तू गेलास. तिसऱ्या खाचेपर्यंत तेल असलं तर मंठ्यापर्यंत काळजी नाही, हे आपलंच गणित होतं. जिंतूर ओलांडून देवगाव फाट्याच्या अलीकडं, सरळ रस्त्यावर, इंजिन धावता धावता जाम झालं, मागची चाकं जागच्या जागी बांधल्यासारखी थांबली आणि गाडी आडवी होऊन बाभळीवर गेली. फाट्यावरच्या हॉटेलवाल्यांनी तुला ट्रकमध्ये घातलं, पण तोवर काही उरलं नव्हतं.

तुला बसवून माती दिली, तुमच्यातल्या रीतीप्रमाणं. भस्म, बेलाची पानं. मीही मूठभर माती टाकली. दुसरी मूठ भरली ती टाकवेना म्हणून कुणीतरी मला बाजूला घेतलं. लोकांना वाटलं, किती जीव होता मास्तरचा. होताच रे. पण मूठ अडली ती त्यामुळं नव्हती.

चार दिवसांनी गिरिजावहिनींनी मला आत बोलावलं. डोळे कोरडे होते. म्हणाल्या, "भाऊजी, सोमवारी तुमी गेल्यावर त्यांचं चित्तच लागंना. सांजच्याला गाडी काढली आन् पाथरीपतोर जाऊन आले, एकटेच, लय जोरात. आल्यावर म्हनले, चढाला मागं बगितलं, धुरानं रस्ता दिसंना. मास्तरचं खरं हाय, रिंगाच गेल्यात. उद्या जालन्याला जाऊन मिस्त्रीला सांगून येतो, खोल म्हनून."

बसू, तू सोमवारी संध्याकाळी जोरात पाथरीला जाऊन आला होतास. सकाळी काडी तिसऱ्या खाचेवर असणं शक्यच नव्हतं आणि हे तुला माझ्याहून चांगलं माहीत होतं. तरी तू वहीत 'कालच्याएवढंच' वाचलंस आणि हसलास. कारण तुला वाटलं, मास्तरनं रीतीप्रमाणं भल्या सकाळी येऊन गुपचूप तेल ओतलं. मास्तरचा राग गेला. म्हणून काडी न बघता तू सही केलीस. आपल्या दोघांत एकानं तरी वाद मिटवला होता, आणि तो तू होतास. मला फक्त मिटवल्याचं श्रेय हवं होतं.

ज्याला सांगायला तू निघाला होतास, त्या हमीद मिस्त्रीनं काल इंजिन उघडलं. मला मुद्दाम बोलावून घेतलं. बेअरिंगा जळून निळ्या झालेल्या. त्यानं काडी माझ्या हातात दिली, कोरडी ठाक. "मास्टर, इसमें तो तेलच नै था. बसूसेठ ऐसा कैसा निकला? रोज देखनेवाला आदमी." सीटमागं वाटेसाठी घेतलेला तेलाचा नवा डबा सापडला, झाकण न उघडलेला, भरलेला. त्याच्याशेजारी अप्पांच्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला कप. फुटला नाही. हमीदनं तो पुसून मला दिला. आता तो माझ्या टेबलावर आहे, मी लिहितोय तिथं समोर.

आणि अप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगायलेत. "पोरानं तेलबी बगितलं न्हाई. हौस लय, पर निगराणी न्हाई. आपल्या हातानं गेला." सांत्वनाला आलेले माना डोलावतात. गावात कुणी म्हणतं मस्तीत चालवत होता, कुणी म्हणतं घेतलेली होती. तू तर आयुष्यात दारूच्या थेंबाला हात लावला नाहीस! मी त्या बैठकीत बसतो आणि ऐकतो. बापाच्या तोंडून तुझ्यावर दोष येतो आणि मी पायाच्या अंगठ्याकडं बघत बसतो.

बसू, तुझ्याशी खोटं बोललो ते एकदाच, पण हे रोजचं झालं.

इथपर्यंत लिहून मी कागद घेऊन तुमच्या घरी गेलो. आज सकाळी, तू पूजा उरकून यायचास त्याच वेळेला. छापायला देण्याआधी अप्पांनी ऐकावं म्हणून. ते ओट्यावर बसले होते, शेजारी मी बसलो आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. कपाचं वाचताना आत काकूंच्या हातातलं भांडं थांबलं. मंगळवारच्या सकाळची ओळ मी दोनदा वाचली. मग शेवटपर्यंत वाचलं.

अप्पा रस्त्याकडं बघत होते. मग म्हणाले, "म्हंजी माज्या लेकरानं हयगय केली न्हवती."

"नाही अप्पा."

"तुमच्या भरवशावर गेला त्यो."

"हो."

मला वाटलं, हात उचलतील. उचलला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं. "आठ रोज मी त्याला बोल लावला. माती सुकली न्हाई आजून त्याची, आन् मी बोल लावला." आत चहाचा वास सुटला होता. कपबशा वाजल्या, मग वाजायच्या थांबल्या. चहा घेऊन बाहेर कुणी आलं नाही. मी वाट बघितली नाही असं म्हणणार नाही, आज मला खोटं लिहायचं नाही.

शेवटी अप्पा उठले, दुकानातून वही आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "हे पेपरात द्या न्हाईतर नगा देऊ, तुमचं तुमी बगा. पर हितं दुरुस्त करा. हितं त्यानं वाचलं हुतं."

मी शेवटचं पान उघडलं. मंगळवारची ओळ. 'कालच्याएवढंच' यावर आडवी रेघ मारली आणि पोरांच्या वहीत लिहितो तसं बाजूला लाल शाईनं लिहिलं: पाहिलं नाही. अप्पांनी चष्मा लावून ते दोन शब्द वाचले आणि मान हलवली.

त्याच ओळीत पुढं, 'तपासले'खाली, तुझी सही आहे. घाईची, शेवटचं अक्षर लांब ओढलेली. ती तू माझ्या शब्दावर केलीस, बसू. ती मला खोडता आली नाही.